‘मेक: नामांकित’ : आयात आदेशात अडकलेल्या एका सहवीज प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याने २०१९ मध्ये विस्तार हाती घेतला. कमी दाबाचे जुने बॉयलर मोडीत काढायचे, उच्च दाबाचा नवा बॉयलर आणि नवा टर्बाइन बसवायचा, आणि कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज १३२ केव्ही लाइनने महापारेषणच्या उपकेंद्रात सोडायची. सहवीजनिर्मितीची ही वाट महाराष्ट्रात आता चांगलीच मळलेली आहे. साखरेच्या भावाचा भरवसा नाही आणि एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, तर द्यावीच लागते. अशा वेळी बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून येणारा विजेचा पैसा ताळेबंद सावरतो.

कारखाना, कंत्राटदार आणि उपकरणांचे उत्पादक यांची नावं इथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. आदेश, कायदे आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा. मी या कामात शेवटच्या टप्प्यावर, रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारी उपकरणं) यांचं सेटिंग आणि चाचण्यांसाठी सल्लागार म्हणून आलो. निविदा त्याच्या बरीच आधी निघाली होती.

निविदेत मोठ्या वस्तूंचं वर्णन चोख होतं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलापासून ब्रेकरच्या स्प्रिंगपर्यंत सगळं काही. नियंत्रण कक्षातल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी मात्र एकच ओळ: ‘स्काडा व संदेशवहन यंत्रणा – १ लॉट. मेक: नामांकित.’ नामांकित कोण, हे कंत्राटदाराने ठरवायचं. सहकारातल्याच नव्हे, खासगी कारखान्यांच्या निविदांतही ही ओळ मी इतक्यांदा पाहिली आहे, की ती कुणी पहिल्यांदा लिहिली असेल याचं कुतूहल वाटतं.

त्या लॉटमध्ये एक गेटवे होता. रिले, मीटर आणि ब्रेकर यांची स्थिती गोळा करून ती आयईसी १०४ या प्रोटोकॉलने राज्य भारप्रेषण केंद्राकडे, म्हणजे आमच्या बोलण्यात एसएलडीसीकडे, पाठवणारा लोखंडी डबा. आपला जनरेटर किती मेगावॉट सोडतोय, ब्रेकर लागलाय की सुटलाय, हे एसएलडीसीच्या पडद्यावर दिसल्याशिवाय ग्रिडशी सिंक्रोनाइझ करायची, म्हणजे लय जुळवून जोडायची, परवानगी मिळत नाही. प्रकल्पाच्या खर्चात या डब्याचा वाटा नगण्य. काम अडवण्याची ताकद मात्र टर्बाइनइतकीच.

आदेश

१५ जून २०२० ला गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. महिना संपायच्या आतच चीनहून आलेले कंटेनर बंदरांवर तपासणीसाठी अडकू लागले. २ जुलैला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने आदेश काढला. वीजपुरवठा यंत्रणेत वापरायची आयात उपकरणं, त्यांचे घटक आणि सुटे भाग यांची देशातच चाचणी व्हायची. आत मालवेअर किंवा ट्रोजन, म्हणजे छुपं घातक सॉफ्टवेअर, लपवलेलं नाही ना आणि भारतीय मानकं पाळली आहेत ना, हे तपासायचं. चाचणी मंत्रालय नेमेल त्या प्रयोगशाळेत. ‘पूर्वसंदर्भ’ देशांमधून, किंवा त्या देशांच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालच्या व्यक्ती-कंपन्यांकडून, काही आणायचं तर आधी केंद्र सरकारची परवानगी घ्यायची.

देशांची नावं आदेशात नव्हती. दुसऱ्याच दिवशी राज्यांच्या ऊर्जामंत्र्यांसोबतच्या बैठकीत केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती घेतली: चीन आणि पाकिस्तान. २०१८-१९ मध्ये देशात ७१ हजार कोटींची वीज उपकरणं आयात झाली आणि त्यातली २१ हजार कोटींची चीनमधून आली, हा आकडाही त्यांनी तिथेच दिला. २३ जुलैला सामान्य वित्तीय नियमांत बदल होऊन सीमेलगतच्या देशांतल्या निविदाकारांना सरकारी खरेदीसाठी नोंदणी सक्तीची झाली.

हा संसदेने केलेला कायदा नव्हता. मंत्रालयाचा कार्यकारी आदेश होता आणि त्याची व्याप्ती फार मोठी होती. थेट वापरायची वस्तू, दुसऱ्या वस्तूत बसवायचा भाग, वीजपुरवठ्याशी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष संबंध असलेलं काहीही. व्होल्टेजची खालची मर्यादा नाही. तुलनेसाठी, दोनच महिने आधी, १ मे २०२० ला, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी याच विषयावर कार्यकारी आदेश क्रमांक १३९२० काढला होता. त्यात ६९ केव्ही आणि त्यावरच्या पारेषण यंत्रणेपुरती रेघ ओढली होती आणि स्थानिक वितरणाची उपकरणं स्पष्टपणे बाहेर ठेवली होती. (तो आदेशही फार टिकला नाही. जानेवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी तो ९० दिवसांसाठी स्थगित केला आणि त्याखाली डिसेंबरमध्ये निघालेला बंदीचा आदेश एप्रिलमध्ये मागे घेतला गेला.)

अडचण

कारखान्यात पहिली प्रतिक्रिया एमडीसाहेबांची होती. “आपण साखर कारखाना. वीज कंपनी नाही. हे आपल्याला कशाला लागेल?” प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. वित्तीय नियमांतला बदल सरकारी खरेदीसाठी होता आणि सहकारी संस्थेला तो लागत नाही, असं वकिलांचंही मत पडलं. ऊर्जा मंत्रालयाचा आदेश मात्र खरेदी कोण करतंय ते पाहतच नव्हता, वस्तू कुठे लागणार ते पाहत होता. ग्रिडला जोडलेला १३२ केव्हीचा बे, म्हणजे लाइन जोडणारा ब्रेकरसकटचा कप्पा, वीजपुरवठा यंत्रणेत मोडत नाही, असं म्हणायला कुणी धजलं नाही.

मग कुठली वस्तू कुठून आली, याची यादी करायला घेतली. कागदावरून ती होईना. कंत्राटदाराच्या बिलांवर डीलरची नावं आणि डीलरकडे मुंबईतल्या दुसऱ्या डीलरची बिलं. शेवटी बॅटरी आणि मोबाइल घेऊन आम्ही पॅनेल उघडून बसलो. प्रत्येक डब्याचा समोरून एक फोटो आणि झाकण काढून आतल्या बोर्डाचा एक. ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, सीटी-पीटी सगळे देशी. रिले युरोपीय कंपनीचे, भारतात जुळवलेले. गेटवेच्या दर्शनी पट्टीवर एका भारतीय कंपनीचं नाव आणि आतल्या बोर्डावर चिनी उत्पादकाची छपाई, २०१९ चा शिक्का.

“साहेब, बॉक्स आमचाच आहे,” कंत्राटदाराचा माणूस म्हणाला.

“बॉक्स तुमचा. आतला बोर्ड कुणाचा?”

“बोर्ड तर सगळ्यांचे तिकडूनच येतात, साहेब.”

त्याचं खोटं नव्हतं. बोर्ड आदेशाच्या आधी देशात आलेला होता, त्यामुळे डब्यापुरतं बघायचं तर वाद कंत्राटदाराच्या बाजूने सुटला असता. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडे. उत्पादकाच्या कारखान्यातल्या स्वीकृती चाचणीत, म्हणजे एफएटीमध्ये, गेटवेने घटनांना लावलेल्या वेळेच्या नोंदीत घोळ सापडला होता. ब्रेकर सुटला त्या क्षणाची वेळ चुकीची जात होती. एसएलडीसीला ही वेळ मिलिसेकंदांपर्यंत नीट लागते. एखादा बिघाड झाला तर आधी काय सुटलं आणि नंतर काय, हे त्यावरूनच कळतं. दुरुस्ती म्हणून नवं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, ऑगस्टमध्ये आलं. भारतीय कंपनीने ईमेलमधून पाठवलेली एक लिंक. लिंक उघडली की फाइल चिनी उत्पादकाच्या सर्व्हरवरून उतरायची.

बोर्ड आदेशाच्या आधीचा, त्याचा मेंदू आदेशाच्या नंतरचा. ही आयात झाली का? फर्मवेअर न्हावा शेवा बंदरात उतरत नाही. त्याला बिल ऑफ एन्ट्री नाही, कस्टम नाही. आदेशाची भाषा उपकरणं, घटक आणि सुटे भाग यांची होती. वकिलांनी दोन्ही बाजूंनी लिहून दिलं आणि खाली ‘निर्णय व्यवस्थापनाने घ्यावा’ असं वाक्य टाकलं.

गाळप हंगामाला १५ ऑक्टोबरपासून परवानगी होती. बॉयलरचं काम उरकत आलं होतं.

समोरचे पर्याय

चीफ इंजिनिअरचं म्हणणं सरळ होतं. फर्मवेअर टाका, कंत्राटदाराकडून स्टॅम्प पेपरवर हमी घ्या, सिंक्रोनाइझ करा. दुरुस्तीच आहे, नवी वस्तू थोडीच आणतोय? त्यांना विजेचं उत्पन्न दिसत होतं आणि ते दिसायलाच हवं होतं. हमीपत्राचा अर्थ मात्र एवढाच, की उद्या काही झालं तर दावा कुणावर लावायचा ते ठरलेलं असेल. डब्यात काय आहे हे त्यातून कळत नव्हतं.

दुसरा रस्ता परवानगीचा. एका सहकारी कारखान्याने ऊर्जा मंत्रालयाला एका फर्मवेअर फाइलबद्दल पत्र लिहायचं. “दिल्लीचं उत्तर येईस्तोवर खोडवा तुटून जाईल,” असं चेअरमनसाहेब म्हणाले. परवानगी मिळाली तरी चाचणीचा प्रश्न होताच. नेमलेल्या प्रयोगशाळा आणि चाचणीचा तपशील या बाबी आदेशानंतर टप्प्याटप्प्याने ठरत गेल्या. १८ नोव्हेंबर २०२० ला मंत्रालयाने जुलैचा आदेश बाजूला ठेवून सुधारित आदेश काढला आणि चाचण्यांबाबतचा पुढचा आदेश जून २०२१ मध्ये आला. ऑगस्ट २०२० मध्ये फाइल बगलेत मारून कुठल्या दारात उभं राहायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

तिसरा पर्याय रिले बनवणाऱ्या युरोपीय कंपनीचाच गेटवे घेण्याचा. लवकर मिळत होता, किंमत जास्त होती, आणि रिले, सॉफ्टवेअर, गेटवे सगळं एकाच हातात गेलं असतं. पुढची पंधरा वर्षं दर लायसन्ससाठी त्यांच्याकडे जावं लागलं असतं.

चौथा, बोर्डासकट देशात आरेखन केलेला गेटवे. अशा कंपन्या आहेत आणि त्यांचं काम चांगलं आहे. पण वस्तू हातात यायला तीनेक महिने लागणार होते. त्यावर शेकडो सिग्नलची यादी पुन्हा भरायची, एफएटी पुन्हा करायची, एसएलडीसीसोबत एकेक सिग्नल पुन्हा तपासायचा.

या चर्चेत मी एक प्रश्न मांडला आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा सांधा तोच होता. हा डबा उद्या शत्रूच्या ताब्यात गेला असं धरून चाला. तो नेमकं काय करू शकतो? उत्तरासाठी सिग्नलची यादी काढली. एसएलडीसीला फक्त माहिती हवी होती. यादीत मात्र प्रत्येक ब्रेकरसमोर ‘उघडा’ आणि ‘बंद करा’ या आज्ञाही भरलेल्या होत्या. कुणी मागितल्या? कुणीच नाही. कंत्राटदाराने आधीच्या एका कामाची यादी उचलून इथे चिकटवली होती आणि त्या कामात दूरनियंत्रण होतं. म्हणजे जो डबा फक्त सांगण्यासाठी होता, त्याला १३२ केव्हीचा ब्रेकर पाडायचाही अधिकार दिलेला होता. डबा कुठल्या देशाचा, हा प्रश्न या शोधापुढे मला दुय्यम वाटला आणि अजूनही वाटतो.

काय केलं

सगळ्यात आधी आज्ञा काढल्या. गेटवेच्या यादीतून काढणं पुरेसं नव्हतं, कारण संशय गेटवेवरच होता. रिलेच्या सेटिंगमध्ये जाऊन जाळ्यावरून येणारी नियंत्रणाची आज्ञा स्वीकारणंच बंद केलं. ब्रेकर चालवायचा तो पॅनेलवरच्या स्विचने, तांब्याच्या तारेतून. संरक्षणाचं ट्रिपिंग आधीपासून तारेनेच होतं, ते तसंच ठेवलं. मग चाचणीत गेटवेच्या जागी लॅपटॉप लावून आज्ञा पाठवून पाहिल्या. ब्रेकर हलला नाही. या कामाला वेळ लागला तो मुख्यतः चीफसाहेबांची सही मिळवायला. पैसा जवळजवळ लागलाच नाही.

दुसरी गोष्ट यादीच्या निमित्ताने सापडली. टर्बाइनच्या पॅनेलखालून एक निळी पॅच कॉर्ड केबल ट्रेमध्ये जात होती आणि आमच्या नकाशात ती नव्हती. माग काढत गेलो तर भिंतीमागे ४जी राउटर निघाला, अँटेना खिडकीच्या गजाला टायने बांधलेली. मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती. टर्बाइन गव्हर्नरच्या (वेग नियंत्रकाच्या) युरोपीय पुरवठादाराचा इंजिनिअर येऊ शकत नव्हता, म्हणून त्याने तिकडून लॉगिन करून काम करायचं ठरलं होतं. कुणाशी ठरलं होतं? कंत्राटदाराच्या साइट सुपरवायझरशी, फोनवर. सिम त्या सुपरवायझरच्या स्वतःच्या नावावर. राउटरचा पासवर्ड त्याच्या बुडावरच्या स्टिकरवर होता तोच. आणि टर्बाइनचं पॅनेल ज्या स्विचला जोडलेलं, त्याच स्विचवर रिलेही होते.

आदेश या राउटरबद्दल काही बोलत नव्हता. पूर्वसंदर्भ देशाचा इथे संबंध नव्हता आणि यात आयातही काही नव्हती. तरी संपूर्ण प्रकल्पात बाहेरून आत यायला यापेक्षा रुंद दार दुसरं नव्हतं.

राउटर उपटून फेकावा असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटलं. पुरवठादाराने कळवलं की लॉगिन नसेल तर गव्हर्नरचं कमिशनिंग नाही आणि कमिशनिंग नाही तर वॉरंटी नाही. यावर बरीच खडाजंगी झाली. तोडगा निघाला तो साधा. टर्बाइनचं जाळं रिलेच्या जाळ्यापासून पूर्ण वेगळं केलं, स्विचच वेगळा. राउटर कुलपाच्या पेटीत, वीज बंद करून ठेवला आणि किल्ली शिफ्ट इंजिनिअरकडे दिली. तिकडून लेखी मागणी आली की पेटी उघडायची, काम चालू असताना शेजारी एका माणसाने बसायचं, संपलं की बंद करून शिफ्टच्या लॉगबुकात वेळ लिहायची. सिम कारखान्याच्या नावावर घेतलं.

गेटवेचा निर्णय मात्र लांबला. संचालक मंडळात दोन तट पडले आणि सप्टेंबर त्यातच गेला. मग सोमवार, १२ ऑक्टोबर उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, इस्पितळांना जनरेटरवर जावं लागलं. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्यांवरच्या बिघाडातून हे घडलं. महत्त्वाचा पुरवठा दोन-अडीच तासांत परतला, तरी काही भागांना रात्रीपर्यंत वाट पाहावी लागली. त्या वेळचे राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शंका बोलून दाखवली.

त्यानंतरच्या बैठकीत एका वयस्कर संचालकांनी विचारलं, “आपल्या डब्यानं असं काही होईल का हो?” मी सांगितलं की आपल्या मेगावॉटनी मुंबईचे दिवे जात नाहीत. पण आपला गेटवे एसएलडीसीच्या जाळ्याला टेकतो आणि तसे राज्यभरातून कितीतरी टेकतात. त्यातले किती कुणी उघडून पाहिलेत, मला माहीत नाही. संचालकांनी मान हलवली. देशी गेटवेची ऑर्डर त्याच बैठकीत मंजूर झाली.

माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, पण तो चुकीच्या कारणासाठी आणि चुकीच्या दिवशी झाला. मुंबईच्या घटनेतून आमच्या फर्मवेअरबद्दल काहीच नवीन कळलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये जी माहिती टेबलावर होती, तीच ऑक्टोबरमध्ये होती.

निष्पत्ती

हंगाम वेळेवर सुरू झाला, वीजविक्री मात्र झाली नाही. नवा जनरेटर कारखान्यापुरता चालवला, सुरुवातीला लागणारी वीज जुन्या लाइनवरून घेतली. न जाळलेला बगॅस अंगणात रचून ताडपत्रीखाली ठेवला. बगॅस साठवणं म्हणजे आगीशी आणि अवकाळी पावसाशी खेळ. तरी त्यातला बराचसा हंगाम संपल्यावर जाळून वीज विकता आली, त्यामुळे तोटा भीती होती तेवढा झाला नाही. देशी गेटवे डिसेंबरात आला. एसएलडीसीसोबतची तपासणी नवीन वर्षात पूर्ण झाली आणि मग सिंक्रोनायझेशन.

पैशाचा वाद त्याहून लांबला. कंत्राटदाराने ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली जादा खर्च मागितला. करारात ‘कायदा’ म्हणजे अधिनियम, नियम आणि अधिसूचना, एवढंच लिहिलेलं. मंत्रालयाचा आदेश त्यात बसतो का, यावर वकिलांची पत्रं झाली. कारखान्याची बाजू अशी की फर्मवेअरमधला दोष हा मुळात वस्तूचा दोष आहे, त्याला आदेश कशाला जबाबदार? शेवटी लवादाची पायरी न चढता खर्च वाटून घेतला गेला. दोन्ही बाजू नाराज होत्या, त्यावरून तडजोड बरी झाली असावी.

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित ‘रेडएको’ गटाने भारताच्या वीजक्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केल्याचं त्यात म्हटलं होतं, प्रादेशिक भारप्रेषण केंद्रंही त्यात होती. मार्चच्या सुरुवातीला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या हवाल्याने वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन घुसवले गेल्याची शक्यता सांगितली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मुंबईच्या घटनेमागे मानवी चूक असल्याचं सांगून सायबर हल्ल्याचा संबंध नाकारला. त्या आठवड्यात चेअरमनसाहेबांचा मला फोन आला. गेटवे बदलल्याचं त्यांना समाधान होतं. मी राउटरच्या पेटीचं लॉगबुक मागवून घेतलं. नोंदी होत्या आणि शाई वेगवेगळी होती. त्याचं मला जास्त समाधान वाटलं.

७ ऑक्टोबर २०२१ ला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. मुख्य माहिती सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक, मालमत्तेची यादी, विश्वासार्ह स्रोताकडून खरेदी किंवा वापराआधी चाचणी, असा त्यांचा आवाका. जुलै २०२० चा आदेश माल कुठून येतो ते विचारत होता. ही तत्त्वं माल आल्यानंतर त्याच्यापर्यंत कोण पोहोचू शकतं, तेही विचारतात. कारखान्याकडे फोटोंसकट यादी तयार होती, म्हणून पूर्ततेचं काम इतरांपेक्षा हलकं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा घ्यायला हवा होता. आज्ञा काढणं आणि जाळी वेगळी करणं ही कामं देशाच्या प्रश्नाआधी झाली असती, तर संचालक मंडळापुढे वेगळं चित्र गेलं असतं: डबा फक्त सांगू शकतो, करू काही शकत नाही, ब्रेकरपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. मग एसएलडीसीशी बोलून, देशी गेटवे येईपर्यंत मर्यादित मुदतीसाठी तोडगा मागता आला असता. तो मिळालाच असता असं नाही. पण विचारलंच गेलं नाही, कारण सगळी चर्चा ‘चिनी की नाही’ या दोन कप्प्यांत अडकली होती. एसएलडीसीकडे पहिलं पत्र नोव्हेंबरात गेलं. ते ऑगस्टमध्ये जायला हरकत नव्हती.

निविदेबद्दल काय बोलायचं. ‘नामांकित’ ही ओळ काढून तिथे चार गोष्टी लिहिल्या असत्या, तर हे प्रकरणच उभं राहिलं नसतं. बोर्ड कुठे तयार झाला. फर्मवेअर कोण लिहितं आणि कुठून उतरतं. दुरुस्त्या किती वर्षं मिळणार. देखभालीसाठी बाहेरून लॉगिन लागणार का. यातला एकही प्रश्न गलवानमुळे निर्माण झालेला नाही.

चाचणीबद्दल मात्र माझं मत अनेकांना पटत नाही. प्रयोगशाळा एका नमुन्याची, एका फर्मवेअर आवृत्तीची चाचणी करते. चार महिन्यांनी आवृत्ती बदलली की प्रमाणपत्र फाइलीत राहतं आणि डबा वेगळाच झालेला असतो. म्हणून प्रमाणपत्रासोबत त्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा, नोंदवून ठेवणं आणि टाकताना तो जुळवून पाहणं, ही सवय मला प्रमाणपत्राइतकीच महत्त्वाची वाटते. इथे ती देशी गेटवेपासून सुरू केली. गंमत अशी, की देशी कंपनीनेही पहिलं अपडेट ईमेलच्या लिंकनेच पाठवलं. हॅश मागितल्यावर त्यांच्या सर्व्हिस विभागाने तो कशाला लागतो असं विचारलं, मग आरेखन विभागाकडे पाठवलं, आणि बऱ्याच पाठपुराव्यानंतर तो आला.

सरकारच्या बाजूने पाहिलं, तर व्होल्टेजची किंवा क्षमतेची रेघ पहिल्याच दिवशी हवी होती. ४०० केव्हीच्या उपकेंद्राला आणि साखर कारखान्याच्या एका बेला एकच आदेश, एकाच भाषेत लावला की लहानांकडे वकील आणि प्रयोगशाळा दोन्ही नसतात. मग ते स्टॅम्प पेपरवर हमी घेऊन मोकळे होतात. ओळखीच्या आणखी काही प्रकल्पांत नेमकं तेच झालं.

बॉयलरच्या आयडी फॅनला, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याला, लावलेला चिनी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) अजून तिथेच आहे. तो ग्रिडच्या यंत्रणेत मोडतो का, यावर मतं वेगळी होती. आम्ही त्याचं जाळ्याचं कार्ड काढून चीफसाहेबांच्या कपाटात ठेवलं आणि त्याला वेग देण्याचा सिग्नल जुन्या ४-२० मिलिअँपच्या तारेवर आणला. फॅन नीट चालतो. गेटवेच्या वार्षिक देखभाल कराराचा नवा मसुदा कंपनीकडे गेला आहे. प्रत्येक अपडेटसोबत हॅश आणि बदलांची यादी द्यावी, हे त्यातलं कलम त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.